जुन्या गाडीला नवा रंग : हौस की गरज?

मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले, तशी रत्नागिरीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरातली यादी रोज वाढू लागली. हॉल, जेवण, मानपान, आहेर, दागिने. एके दिवशी त्या यादीच्या शेवटी गुरुजींनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : 'गाडीला रंग.'

गाडी पंधराव्या वर्षात होती. लाल रंगाची छोटी पेट्रोल मोटार. नोकरीत असताना कर्ज काढून घेतलेली, वेळेवर हप्ते फेडलेली. आजारी आईला कोल्हापूरच्या इस्पितळात नेणारी हीच, आणि दर मोसमात पाहुण्यांकडे आंब्याच्या पेट्या पोहोचवणारीही हीच. इंजिन अजून कुरकुरत नव्हते, पण रूप मात्र उतरले होते. टपाचा आणि बॉनेटचा लाल रंग उडून तो विटकरीही नाही आणि गुलाबीही नाही, असा झाला होता. हात फिरवला की तळव्याला लालसर भुकटी लागे. व्याही मंडळी पुण्याची. "अशा गाडीतून मुलीला हॉलवर न्यायचं का?" हा गुरुजींचा सवाल होता.

त्यांनी दोन गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. पहिल्याने संपूर्ण गाडी रंगवण्याचे १८ हजार सांगितले, दुसऱ्याने ४६ हजार. गाडी एक, रंगही एकच, मग खर्चात अडीच पटींचा फरक कसा? गुरुजी दोन्ही कागद घेऊन घरी आले. त्यांच्या पत्नीने चष्मा लावून ते कागद वाचले आणि विचारले, "अहो, रंग किती वर्षं टिकेल ते राहू द्या. आपल्याला गाडी अजून किती वर्षं ठेवायची आहे?"

गुरुजींकडे याचे उत्तर तयार नव्हते. जुनी गाडी रंगवायला काढणाऱ्या बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. रंगाच्या पुस्तिकेतली छटा आधी निवडली जाते आणि हिशेब मागाहून होतो.

आधी गाडीचे वय

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी योग्य अवस्थेत असल्याचे तपासणीत ठरले, तर ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. मोटारसायकलचे ३०० वरून १ हजार झाले. २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढवण्यात आले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात राहणाऱ्यांनी तर अधिकच जपून पाऊल टाकावे. तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ व २०१५ मध्ये निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले आणि २०२५ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीत न्यायालयाने फेरबदलही केले. तिथल्या जुन्या गाडीच्या मालकाने आधी आरटीओत चौकशी करावी आणि मगच रंगाऱ्याकडे जावे.

म्हणून पहिला हिशेब वर्षांचा करावा. समजा, रंगाला ४५ हजार लागणार आहेत. गाडी आणखी ५ वर्षे वापरायची असेल, तर हा खर्च वर्षाला ९ हजार पडतो. दीड वर्षात विकायची असेल, तर वर्षाला ३० हजार. पहिल्या हिशेबात रंग हा गाडीच्या देखभालीचा भाग ठरतो, दुसऱ्यात ती चैन होते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांवर लवकरच मोठा खर्च निघणार असेल, तर तोही याच कागदावर मांडावा. आतून थकलेल्या गाडीला बाहेरून सजवण्यात अर्थ नाही.

रंग नेमके काय करतो?

रंग हा पत्र्याचा पहिला रक्षक आहे, शोभा त्यानंतर येते. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असताना त्याला रसायनांत बुडवून, विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर चढवला जातो. त्यावर दुसरा थर, मग रंग आणि बहुतेक गाड्यांवर सर्वांत वर चकाकीचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा. तो भट्टीत दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून पक्का केला जातो. त्या वेळी गाडीत वायरी, रबर, प्लॅस्टिक, सीट यांपैकी काहीच नसते. तयार गाडी पुन्हा तशा भट्टीत घालता येत नाही. म्हणूनच गॅरेजमधला रंग कितीही चांगला असला, तरी मूळ रंगाची बरोबरी क्वचितच करतो. मूळ रंग वाचवता येत असेल, तर तो आधी वाचवावा.

उन्हाने रंग फिका पडतो, तेव्हा फक्त वरची कातडी गेलेली असते. गंजाचे मात्र तसे नाही. दगडाचा टवका उडाला, ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की ओलावा आत शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. वर दिसतो तो फक्त एक लहानसा फोड. कोकण, मुंबई, गोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हवेतल्या खारेपणामुळे हे अधिक वेगाने होते. फोड नुसता घासून त्यावर रंग मारला, तर एक-दोन पावसाळ्यांत तो पुन्हा वर येतो आणि रंगाचे पैसे पाण्यात जातात.

घरच्या घरी तीन परीक्षा

रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी गाडी धुऊन, सावलीत उभी करून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली परीक्षा पॉलिशची. बॉनेटवर पोस्टकार्डाएवढ्या जागेत थोडे रबिंग कंपाउंड लावून मऊ कापडाने हलक्या हाताने चोळावे. चकाकी परत आली, तर रंग अजून जिवंत आहे. त्याला चांगले पॉलिश पुरेल. कापडाला गाडीचा रंग लागला, तर गाडीवर क्लिअर कोट मुळातच नाही किंवा तो झिजून गेला आहे, असे समजावे. लाल, पांढऱ्या अशा साध्या रंगांत हे नेहमी आढळते आणि त्यांवर पॉलिश चांगले काम करते. मात्र क्लिअर कोट कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर पॉलिशचा उपयोग नाही. तो भाग रंगवावाच लागतो. पॉलिशही वरचेवर करू नये, कारण प्रत्येक वेळी मुळातच पातळ असलेला थर आणखी झिजतो.

दुसरी परीक्षा गंजाची. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, पुढच्या काचेची कड, बॅटरीखालची जागा आणि डिकीतल्या जादा चाकाचा खड्डा हे सगळे बोटाने चाचपावे. मग पायाखालचे रबरी मॅट आणि त्याखालचा गालिचा उचलून पाहावा. तिथे ओल किंवा कुबट वास असला, तर खालचा पत्रा खराब व्हायला लागला आहे. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की पाणी दारात साचते आणि पत्रा आतून गंजतो. काडीने ती मोकळी करायला पैसे लागत नाहीत.

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. लहान चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. एखाद्या जागी त्याची ओढ एकदम कमी झाली, तर तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे पूर्वी तिथे ठोकाठोक झालेली आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर अर्थातच ही परीक्षा चालत नाही. जुनी गाडी विकत घेतानाही हा चुंबक खिशात असावा.

गुरुजींनी या परीक्षा एका रविवारी केल्या. बॉनेटवर चोळताच आतला लाल रंग वर आला. टपाचा मधला भाग मात्र झिजून खालचा करडा प्रायमर दिसू लागला होता. मागच्या दोन्ही दारांच्या कडांना फोड होते. खरा धक्का बसला तो ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा. पत्रा ओला होता, आणि पेचकस टेकवताच त्याचे टोक आरपार गेले.

त्या दोन कागदांपैकी एकातही या तळाचा उल्लेख नव्हता.

१८ हजार आणि ४६ हजार

दरांतला फरक मुख्यतः तीन गोष्टींत असतो : रंगाचा प्रकार, पूर्वतयारी आणि उघडझाक.

स्वस्त कामात बहुधा एन. सी. रंग वापरतात. त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळतो. काम झटपट होते, रंग घासून चमकवताही येतो, पण ऊन आणि पेट्रोलचे थेंब त्याला फारसे सोसत नाहीत. महागड्या कामात पी. यू. किंवा टू-के रंग असतो. त्यात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होऊन कडक थर तयार होतो. चांगल्या ठिकाणी तो बंद खोलीत, धूळ टाळून मारतात आणि साधारण ६० अंश उष्णतेत वाळवतात. तो अधिक काळ टिकतो.

पूर्वतयारी वरून दिसत नाही, म्हणून चालढकल तिथेच होते. गंज पत्र्यापर्यंत खरवडणे, सडलेला तुकडा कापून नवा जोडणे, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर देणे, वॉटर पेपरने घासणे यांत दिवस जातात. गंजलेल्या भोकात पुट्टी भरून वरून रंग मारला, तर पहिल्या दिवशी दोन्ही कामे सारखीच दिसतात. फरक कळायला पावसाळा जावा लागतो.

उघडझाक म्हणजे दिवे, हँडल, आरसे, काचांची रबरे काढून रंगवायचे, की नुसती चिकटपट्टी लावून? पट्टी लावून केलेल्या कामात कडेला रंगाची रेघ राहते आणि पुढे तिथूनच पापुद्रे सुटू लागतात. दारे, बॉनेट, डिकी यांच्या आतल्या कडा रंगवणार की नाहीत, हेही विचारावे.

विकताना पैसे परत मिळतात का?

'रंग मारला की गाडीला चार पैसे जास्त येतील,' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. जुन्या गाडीची किंमत तिचे साल, कागदपत्रे, इंजिन आणि एकूण निगा यांवर ठरते. समजा, ७० हजारांच्या गाडीवर ४५ हजारांचा रंग चढवला, तर ती १ लाख १५ हजारांना कोणी घेणार नाही. उलट जाणता गिऱ्हाईक नवाकोरा रंग पाहून साशंक होतो : गाडीला अपघात तर झाला नव्हता? की गंज झाकला आहे? विकायचीच असेल, तर स्वच्छ धुऊन, पॉलिश करून, आहे तशी दाखवणे अधिक फायद्याचे ठरते.

विमा कंपनीकडून रंग निघेल, ही आशाही ठेवू नये. उन्हाने उडालेला रंग आणि गंज ही नित्याची झीज मानली जाते आणि विमा तिची भरपाई देत नाही. अपघातात भाग रंगवावा लागला आणि विमा सर्वसमावेशक असला तर खर्च मिळतो, पण तोही पूर्ण नाही. रंगाच्या सामानाच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापतात. बिलात सामान आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर एकूण बिलाचा २५ टक्के भाग सामानाचा धरतात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. एखाद्या दाराच्या रंगासाठी दावा करण्यापूर्वी ही वजाबाकी करून पाहावी. फक्त त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या रंगासाठी काहीच मिळत नाही.

मूळ रंग बदलून दुसराच द्यायचा असेल, तर आणखी एक काम वाढते. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. त्यामुळे बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला देण्यास नियमानुसार मनाई आहे. शिवाय रंग बदलताना दारांच्या आतल्या कडा, इंजिनाभोवतीचा भाग हे सगळेच रंगवावे लागते. नाहीतर दार उघडताच जुना रंग डोकावतो.

जुन्या स्कूटर-मोटारसायकलींचा हिशेब थोडा सोपा आहे. भाग सुटे होतात, पत्रा कमी असतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. चौकट, स्टँड, चाकांच्या लोखंडी रिम अशा भागांना पावडर कोटिंग करून घेतले, तर ते साध्या रंगापेक्षा चिवट ठरते. वडिलांची स्कूटर आठवण म्हणून जपायची असेल, तर खर्च वसूल होण्याची भाषाच करू नये. ती हौस आहे, आणि परवडत असेल तर हौसेला मोल नसते. मात्र ती हौस आहे हे मनाशी मान्य करूनच पैसे काढावेत.

रंगवायचे ठरलेच तर

क्लिअर कोट सुटला आहे, प्रायमर किंवा पत्रा उघडा पडला आहे, इंजिन ठीक आहे आणि गाडी निदान चार-पाच वर्षे ठेवायची आहे, असे असेल तर रंगाचा खर्च योग्यच आहे. तेव्हाही सगळी गाडी एकदम रंगवण्याची गरज असतेच असे नाही. खराब झालेले भाग रंगवून बाकीचे पॉलिश करता येतात. जुन्या फिक्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळत नाही. म्हणून दार, टप असा अख्खा भाग रंगवावा, मधेच ठिगळ लावू नये.

रंगाऱ्याकडून सर्व तपशील कागदावर घ्यावा : रंगाचा प्रकार, प्रायमर, किती हात, कोणते भाग काढणार, किती दिवस लागणार. पुट्टी भरण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा, तसे आधीच सांगून ठेवावे. प्रामाणिक कारागीर त्याला नाही म्हणत नाही. भर पावसाळ्यात हे काम टाळावे. दमट हवेत मारलेल्या एन. सी. रंगावर पांढरट धुकट छटा येते आणि ओलावा रंगाखाली अडकण्याचा धोका असतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असेल, तर ती काढायला लावू नये. तिचे कुलूप एकदा तुटले की पुन्हा वापरता येत नाही. प्लेट नीट झाकून रंगवता येते.

पैसे वाचवण्यासाठी सोसायटीच्या आवारात रंग फवारून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो. रंगारी योग्य मुखवटा वापरतो का, हेही पाहावे. तोही कोणाचा तरी बाप असतो.

नव्या रंगावर किमान महिनाभर मेणाचे पॉलिश करू नये आणि गाडी कपड्यांच्या साबणाने धुऊ नये. पक्ष्यांची विष्ठा लगेच पाण्याने भिजवून काढावी, वाळल्यावर खरवडू नये.

गुरुजींनी काय केले?

नवरा-बायकोने जेवणानंतर वही काढली. मुलगी सासरी गेल्यावर घरात दोघेच राहणार होते. दवाखाना, बँक, कधीमधी कोल्हापूर, यासाठी गाडी अजून ५ वर्षे लागणार होती. नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती. म्हणजे गाडी तपासणीत टिकली पाहिजे, हे पहिले. पाय जिथे ठेवायचा तो तळ मजबूत हवा, हे त्याच्याही आधीचे.

४६ हजारवाल्या रंगाऱ्याला त्यांनी पुन्हा गाठले आणि गालिचा उचलून दाखवला. त्याने मान हलवली. "गुरुजी, हे आधी केलं पाहिजे. रंगाचं नंतर बघू." सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडणे आणि खालून गंजरोधक लेप देणे याचे ९ हजार ठरले. मागची दोन दारे आणि टप टू-के रंगात, ११ हजार. बाकी गाडीला पॉलिश, अडीच हजार. सगळे मिळून साडेबावीस हजार. नूतनीकरणाचे ५ हजार त्यांनी वेगळ्या पाकिटात घालून ठेवले.

बॉनेट आणि टप यांच्या लाल रंगात थोडा फरक राहिला. तो उन्हात दिसे, सावलीत दिसत नसे. लग्नाच्या दिवशी बॉनेटवर झेंडूची माळ आली आणि तोही झाकला गेला. मुलगी मागच्या सीटवर आईशेजारी बसून हॉलवर गेली. मेच्या अखेरीस गाडी तपासणीत उतरली.

जूनमध्ये पावसाची पहिली झोड येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले, गालिचा उचलला आणि खाली हात फिरवला. पत्रा कोरडा होता.